जाऊन येऊन १६० मीटर

मार्चच्या शेवटी बाबांचा फोन आला. "बाय, मोटर आवाज करता, पूण घुंवना गो." आवाज करते, पण फिरत नाही. बाबांच्या आवाजात त्रागा नव्हता, काळजी होती. आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, फोंड्याजवळ सावई-वेरेंला. मार्च ते मे पोफळींना पाणी चुकलं की त्याचं फळ पुढच्या वर्षी भोगायचं. मिरवेली तर त्याआधीच माना टाकतात.

एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर, विहिरीच्या काठावर बसवलेली. त्या मोसमात ती दोनदा दुरुस्तीला जाऊन आली होती. आधी कपॅसिटर बदलला. मग वाइंडिंग जळलं म्हणून नवं भरून घेतलं. दोन्ही वेळा दुकानातल्या टेबलावर ती छान फिरली, आणि घरी आणून जोडली की आठवड्याभरात पुन्हा न फिरता नुसती घुमायला लागली. बाबा म्हणत होते, वाइंडिंग नीट भरलेलं नाही. शेजारचे म्हणत, गावात व्होल्टेजच नाही, वीज खात्याकडे तक्रार करा. मला मात्र बाबांच्या बोलण्यातलं एकच वाक्य टोचत राहिलं: दुकानात फिरते, घरी फिरत नाही. मोटर तीच आहे. मग बदलतं काय?

रविवारी सकाळी पर्वरीहून निघाले. पिशवीत मल्टिमीटर, तारेभोवती जबडा लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर, पक्कड, टेस्टर. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवते, त्यामुळे ही पिशवी गाडीत कायम असतेच. तरी त्या दिवशी ती घेऊन बाबांच्या मागून बांधावरून चालताना पोटात थोडं धडधडत होतं. वर्गात आकडे चुकले तर फळा पुसता येतो.

पंपाच्या खोपीत स्विच बंद ठेवून व्होल्टेज बघितलं. २२६. बाबांनी मीटरकडे बघितलं आणि म्हणाले, "व्होल्टेज आसा न्ही गो?" आहेच. मेकॅनिकनेही हेच बघितलं असणार आणि मोटरीला दोष दिला असणार. त्यात त्याचं काही चुकलं नाही. मीटर खरंच २२६ दाखवतो. पण त्या क्षणी वायरीतून करंट वाहत नसतो, आणि करंट नसेल तर वायरीत व्होल्टेज खर्चच होत नाही. वायर केसासारखी बारीक असली, मधला जोड कुजलेला असला, तरी शेवटच्या टोकाला मीटर पूर्ण आकडा दाखवील. उभ्या गाडीवरून रस्त्यातले खड्डे कळत नाहीत.

मग चुलतभावाला घरातल्या मेनबोर्डपाशी दुसरा मीटर देऊन उभं केलं आणि मोटर चालू केली. ती घुमली. मोबाइलवर त्याने सांगितलं, घरात २२३. माझ्यासमोर विहिरीवर १६९. क्लॅम्प मीटरवर २६ अँपिअर. चार सेकंदांत बंद केली, कारण अडकलेल्या मोटरीतून एवढा करंट जात राहिला तर नवं वाइंडिंगही जळणार. घर आणि विहीर यांच्यामध्ये ८० मीटर वायर, आणि त्या ८० मीटरमध्ये ५४ व्होल्ट गायब.

मोटरीचं सुरुवातीचं बळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. १६९ ला २३० ने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. ०.५४ येतात. म्हणजे पूर्ण २३० व्होल्टला पाण्याचा स्तंभ हलवायला जेवढा जोर मिळतो, त्याच्या जेमतेम निम्मा जोर तिच्या अंगात उरत होता. दुकानात ती टेबलावर मोकळी फिरवलेली आणि सोबत चार हात वायर. तिथे न फिरायला काय झालं!

इथे थोडं मागे जाऊन सांगते. गोव्यात आमच्या पिढीचं शिक्षण असं झालं: घरात कोंकणी, चौथीपर्यंत शाळेत मराठी, पाचवीपासून इंग्रजी. त्यामुळे ओहमचा नियम माझ्याकडे इंग्रजीतून आला, दहावीच्या वर्गात, एका त्रिकोणाच्या रूपात. वर व्ही, खाली आय आणि आर. जे काढायचं त्यावर बोट ठेवा, उरलेलं गणित समोर दिसतं. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. १२ व्होल्ट, २ अँपिअर, उत्तर ६ ओहम आणि २४ वॅट. पैकीच्या पैकी मार्क मिळाले आणि मला काहीही कळलेलं नव्हतं. ते १२ व्होल्ट कुणाचे, २ अँपिअर कशातून चालले आहेत, ६ ओहम नेमके कुठे बसले आहेत, हे प्रश्न त्या त्रिकोणात येतच नाहीत.

खूप पुढे, शिकवायला लागल्यावर, मराठी विज्ञानाच्या पुस्तकात 'रोध' हा शब्द भेटला आणि थबकले. विद्युतधारा, विभवांतर, रोध. रेझिस्टन्स म्हटलं की मला रंगीत पट्ट्यांचा तो छोटा तुकडा आठवायचा, दुकानात मिळणारा. रोध म्हटल्यावर तो सगळीकडे दिसायला लागला: वायरीत, जोडात, स्क्रूखाली, प्लगच्या पिनेवर, ओल्या जमिनीत, माणसाच्या अंगात. आणि तो डोळ्यांना दिसत नसला तरी विचारल्यावर उत्तर देतो. दोन आकडे मोजायचे, व्होल्ट आणि अँपिअर, आणि त्यांतून न दिसणारे दोन काढायचे, ओहम आणि वॅट. माझ्या सगळ्या शिकण्या-शिकवण्यात मला एवढी सुंदर दुसरी गोष्ट भेटलेली नाही, हे मी मनापासून सांगते.

तर कुळागरात. मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून खिशात ठेवला. विहिरीवर मोटर सोडवून वायरीची दोन्ही टोकं एकमेकांना पिळून टाकली आणि घराकडच्या टोकांना मल्टिमीटर लावला. ३.० ओहम. मीटरच्या स्वतःच्या दोन काड्या एकमेकींना टेकवल्या तर ०.३ दाखवत होत्या, ते वजा केले. २.७.

बाबा शेजारी उभे होते. "ऐंशी मीटरांक इतलें?" नाही, मी म्हटलं, १६० मीटर. जाऊन येऊन. यावर त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला वर्गात कुणीही विचारलेला नाही: "परत कित्याक येवपाक जाय?" परत कशाला यायला हवं?

बाबांच्या डोक्यात पाट होता. आमच्या कुळागरात झरीचं पाणी पाटाने येतं, एका कुंपणापासून दुसऱ्यापर्यंत, आणि पोफळींच्या मुळाशी मुरून जातं. परत जात नाही. वीज समजावताना आम्ही शिक्षक मंडळी पाण्याची उपमा सरसकट देतो: पाटाचा उतार म्हणजे व्होल्टेज, पाणी म्हणजे करंट, अरुंद जागा म्हणजे रोध. ती उपयोगी आहे, पण नेमकी इथेच फसते. पाट फोडला की पाणी बाहेर सांडतं. वायर तोडली की वीज सांडत नाही, जागच्या जागी थांबते. आणि चालू असते तेव्हा एका वायरीने जितकी गेली तितकीच दुसरीने परत येते, थेंब कमी नाही. मोटरीत करंट 'संपत' नाही. करंट तेवढाच राहतो, कमी होतं ते व्होल्टेज. वायर विकत घेताना माणसं अंतर एकदाच मोजतात, कारण वायर एकच दिसते. आत दोन तारा असतात आणि दोन्हींत रोध असतो.

पाकिटावरून आठवत होतं, वायर दीड स्क्वेअर एमएमची, तांब्याची. या जाडीच्या तांब्याचा रोध एका किलोमीटरला १२.१ ओहम, हा तक्त्यातला आकडा आम्हा लोकांना तोंडपाठ असतो. १६० मीटरला १.९४ ओहम व्हायला हवेत. मीटर सांगत होता २.७. हिशेब आणि मोजमाप यांच्यामध्ये पाऊण ओहमचा फरक. विहिरीपाशी मी टोकं घट्ट पिळली होती, तिथे एवढं जाणार नाही. हा फरक कुठेतरी एका जागी बसलेला होता.

"मधी जोड आसा?" मी विचारलं.

बाबा लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, दोन पावसाळ्यांपूर्वी माडाची झावळी पडून वायर तुटली होती. त्यांनीच जोडली.

आम्ही वायरीच्या बाजूने चालत गेलो. तिसऱ्या माडाजवळ, मिरवेलीच्या पानांत लपलेला, काळ्या टेपचा गुंडाळा. टेप हाताला लागताच बिस्किटासारखा तुटला. आत दोन जोड होते. न्यूट्रलचा अजून बरा होता. फेजचा काळा पडलेला, कडेला कळकल्यासारखा हिरवा, आणि आत दोन-तीन मुंग्या वाळून गेलेल्या. मी दोन्ही बाजूंना वीतभर ठेवून तो तुकडा कापला आणि बांधावर बसून मल्टिमीटर लावला. ०.६. तुकडा किंचित वाकवला. ०.९. सोडला. ०.५. जिवंत असल्यासारखा आकडा हलत होता. बाबा वाकून बघत राहिले.

आता पॉवरचा हिशेब बघा, कारण खरा अपराधी तिथे सापडतो. रोधात किती उष्णता तयार होते, तर करंटचा वर्ग गुणिले रोध. हे जेम्स ज्यूल याने १८४० च्या सुमारास मोजून दाखवलं. मोटर नीट चालत असताना ७ अँपिअर: ७ गुणिले ७ गुणिले पाऊण, साधारण ३७ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं सोल्डरिंग आयर्न एवढ्याच वॅटचं असतं. म्हणजे त्या टेपच्या आत, हरभऱ्याएवढ्या जागेत, रोज चार तास एक सोल्डरिंग आयर्न तापत होतं. आणि मोटर अडकली की २६ चा वर्ग गुणिले पाऊण, ५०० वॅट. तापलं की तांब्यावर काळा थर चढतो, थर चढला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतं. म्हणून तो जोड पहिल्या वर्षी त्रास देत नाही, दुसऱ्या वर्षी कुरकुरतो आणि तिसऱ्या उन्हाळ्यात मोटर जाळतो. गिझरचा प्लग एका बाजूने तपकिरी होऊन वितळलेला तुम्ही पाहिला असेल. तोही हाच प्रकार. गिझर चांगला असतो, बोर्ड चांगला असतो, मधली एक पिन सैल असते.

दुपारी जेवल्यावर ओसरीवर बसून वहीत आकडे मांडत होते. २६ अँपिअर गुणिले २.७ ओहम, ७० व्होल्ट. घरातल्या २२३ मधून ७० वजा केले तर १५३ उरतात. पण विहिरीवर मीटरने १६९ दाखवले होते. सोळा व्होल्टचा हा घोळ मुद्दाम सांगते, कारण दहावीचा त्रिकोण इथे अपुरा पडतो. मोटर म्हणजे गुंडाळी, आणि घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होणारी. गुंडाळीत करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. दोघे एकाच क्षणी शिखरावर नसतात. म्हणून वायरीतले ७० आणि मोटरीतले १६९ यांची बेरीज सरळ करता येत नाही, दोन दिशांना चालणाऱ्या पावलांसारखी ती तिरकस करावी लागते, आणि तशी केली की बरोबर २२३ च्या आसपास येते. मी ती वहीच्या शेवटच्या पानावर केली. आली. ती वही अजून माझ्याकडे आहे.

ज्याच्या नावाने हा रोध मोजतात त्या गेऑर्ग झिमोन ओहमची आठवण मला त्या बांधावर झाली होती. जन्म १७८९, जर्मनीतल्या एर्लांगेनचा. वडील कुलुपं बनवणारे कारागीर. त्यांनी स्वतःच्या जोरावर गणित शिकून घेतलं आणि मुलांना घरी शिकवलं. पुढे ओहम कोलोनच्या शाळेत शिक्षक झाला आणि शाळेच्या साहित्यावर त्याने हे प्रयोग केले. त्यासाठीची बरीचशी उपकरणं त्याने स्वतःच्या हाताने घडवली. ते हात कुलुपं घडवणाऱ्या घरातले होते.

त्याची अडचण काय होती ते ऐकण्यासारखं आहे. त्या काळची व्होल्टाची बॅटरी स्थिर राहायची नाही. जोडली की जोर, मग उतरत जायची. दोन वायरींची तुलना करायची तर मागून ढकलणारा जोर तोच राहायला हवा. पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्याला सुचवलं, बॅटरी सोड, उष्णतेची जोडी वापर. दोन वेगळ्या धातूंचे सांधे, एक गरम आणि एक थंड ठेवला की वीज वाहते, हे झेबेक याने थोडंच आधी, १८२१ मध्ये दाखवलं होतं. ओहमने तांबं आणि बिस्मथ घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळत असेपर्यंत आणि बर्फ वितळत असेपर्यंत तापमान हलत नाही, म्हणून जोरही हलत नाही. मग एकाच जाडीच्या वेगवेगळ्या लांबीच्या तारा मध्ये घालायच्या आणि तारेने टांगलेली चुंबकसुई किती वळते ते बघायचं.

त्याला जे सूत्र मिळालं ते पुस्तकातल्यासारखं सुटसुटीत नव्हतं. त्यात तारेच्या लांबीत आणखी एक ठरावीक आकडा मिळवावा लागत होता, तार बदलली तरी न बदलणारा. तो आकडा म्हणजे त्या वीज देणाऱ्या जोडीचा स्वतःचा रोध. मला तो आकडा फार आवडतो. आमच्या घरच्या बोर्डावर मोटर घुमताना २२८ चे २२३ झाले होते. ५ व्होल्ट भागिले २६ अँपिअर, ढोबळ ०.२ ओहम. घराच्या मागचा सगळा पसारा, सर्व्हिस वायर, खांबावरची लाइन, गावचा ट्रान्स्फॉर्मर, सगळं मिळून ०.२. शेजारी वीज खात्याला दोष देत होते. खात्याच्या वाट्याला ०.२ ओहम येत होते आणि आमच्या वायरीच्या वाट्याला २.७.

ओहमने हे १८२७ मध्ये पुस्तकात मांडलं. स्वतःच्या देशात त्याला म्हणावा तसा मान मिळाला नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ली पदक दिलं. म्युनिकला प्राध्यापकपद मिळालं तेव्हा १८५२ साल उजाडलं होतं, आणि १८५४ मध्ये तो गेला. रोधाच्या मापाला त्याचं नाव पॅरिसच्या परिषदेत १८८१ मध्ये पक्कं झालं. एका शाळामास्तरने बर्फ आणि उकळतं पाणी सांभाळत तारांच्या लांब्या बदलत बसावं, आणि त्यामुळे दोनशे वर्षांनी फोंड्याच्या एका कुळागरात जोड सापडावा, याचं मला खरंच भरून येतं.

पुढच्या रविवारी चार स्क्वेअर एमएमची अखंड वायर आणली, मध्ये जोड नाही. हिचा रोध किलोमीटरला ४.६१ ओहम, म्हणजे आमच्या १६० मीटरला ०.७४. बाबांनी आणि चुलतभावाने ती माडांवरून नीट ताणून घेतली, झावळीच्या टप्प्याबाहेर. मोटर चालू केली. मी मीटर धरून बसले होते सुरुवातीचं व्होल्टेज टिपायला. आकडा पकडायला मीटरला वेळच मिळाला नाही. घूं करून ती फिरली आणि पाटात पाणी आलं.

मग बाबांना ते 'परत येणं' दाखवलं. क्लॅम्प मीटरचा जबडा दोन्ही तारांभोवती एकदम लावला: शून्य. मोटर समोर गरगरतेय आणि मीटर शून्य. एकीभोवती लावला: ७. दुसरीभोवती: ७. दोघींभोवती पुन्हा शून्य, कारण एक जाते आहे आणि एक येते आहे. पहिल्या वर्षाची मुलं हटकून अख्खी केबल जबड्यात धरतात आणि मीटर बिघडला म्हणतात. बाबांनी तीन वेळा स्वतः करून बघितलं. काही बोलले नाहीत, पण चौथ्यांदा जबडा दाबताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी माझ्या मुलांच्या चेहऱ्यावर शोधत असते.

ती मोटर किती वॅट घेते, तेही त्याच दिवशी बघितलं. घरात २२७ व्होल्ट, ७ अँपिअर. गुणाकार १५८९. पण घरातलं बाकी सगळं बंद करून वीज मीटरवरचा लाल दिवा आम्ही मोजला. त्या मीटरवर लिहिलं होतं, ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. आई घड्याळ बघत होती, बाबा मोजत होते. मिनिटाला ५६. छप्पन्न गुणिले साठ भागिले ३२००, म्हणजे १.०५ किलोवॅट. १५८९ नव्हे, १०५०. हा फरक रेंगाळणाऱ्या करंटमुळे पडतो, आणि १०५० ला १५८९ ने भागून येतो त्या आकड्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. इस्त्रीला, गिझरला व्होल्ट गुणिले अँपिअर चालतं. मोटरीला, पंख्याला नाही.

वर्गात मी हाच सावधपणा बल्बने शिकवते. साठ वॅटचे तारेचे दोन जुने बल्ब जपून ठेवलेत, पूर्वी चवथीला गणपतीवर टांगतात त्या फळा-फुलांच्या माटोळीजवळ लावायचो त्यांतले. मुलांना सांगते, मल्टिमीटरने याचा रोध मोजा आणि पॉवर काढा. ६५ ओहमच्या आसपास येतात. २३० चा वर्ग भागिले ६५, उत्तर ८१४ वॅट. काचेवर लिहिलंय ६०. वर्गात कुजबुज सुरू होते. कुणी मीटर बदलून आणतं. मग बल्ब पेटवून व्होल्टेज आणि करंट मोजायला लावते: २३० आणि ०.२६. भागाकार ८८० च्या पुढे. थंड टंगस्टनची तार आणि पांढरी तापलेली तार, दोघींच्या रोधात तेरा-चौदा पट फरक. जुने बल्ब बहुधा स्विच दाबल्याच्या क्षणीच का उडायचे, हे मग मुलंच एकमेकांना सांगतात. ओहमने बर्फ आणि उकळतं पाणी का घेतलं, तेही त्यानंतर सांगायला सोपं जातं.

अर्थिंगबद्दल मात्र हात जोडून सांगायचं आहे. गोव्याची जमीन बरीचशी जांभ्याची. पावसाळ्यात ओली, उन्हाळ्यात चिऱ्यासारखी कोरडी. खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालून अर्थिंग केलं, आणि मग दहा वर्षं कुणी त्यात तांब्याभर पाणी घातलं नाही, तर त्याचा रोध ५० ओहम सहज होऊ शकतो. मोटरीच्या आत फेज सुटून बाहेरच्या लोखंडाला लागली असं धरा. २३० भागिले ५०, ४.६ अँपिअर. सोळा अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, ४.६ ला हलणारसुद्धा नाही. लोखंडात वीज तशीच उभी राहणार आणि कुणीतरी अनवाणी, चिखलात उभं राहून पंपाला हात लावणार. भिजलेल्या अंगाचा रोध हिशेबाला हजार ओहमच्या आसपास धरतात. २३० भागिले १०००. त्याच्या एका छोट्या हिश्शानेही जीव जातो. यावर उपाय आरसीसीबी नावाच्या स्विचचा, आणि तो चालतो क्लॅम्प मीटरच्या त्या शून्यावरच. दोन्ही तारा त्याच्या पोटातून जातात. जितकी गेली तितकी परत आली तर शून्य. ३० मिलिअँपिअर कमी परत आली, म्हणजे ती दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने, कदाचित माणसातून, जमिनीत गेली, तर डोळ्याचं पातं लवण्याआधी तो तोडतो. आमच्या खोपीत तो नव्हता. बाबा अनेक वर्षं तिथे अनवाणी उभे राहत आले आहेत. त्याच दिवशी बसवला, आणि टेस्टचं बटण दाबून पडतो की नाही ते महिन्यातून एकदा बघायचं, हे आईवर सोपवलं.

गोव्याच्या वाट्याची बरीच वीज छत्तीसगढच्या कोरबासारख्या केंद्रांतून, हजार किलोमीटरहून लांबून येते. ती ४ लाख व्होल्टवर का आणतात, असं बाबांनी विचारलं. तोच वर्ग, म्हटलं. व्होल्टेज दहापट केलं की तेवढ्याच पॉवरसाठी करंट दहावा हिस्सा, आणि तारेत वाया जाणारं शंभरावा हिस्सा. बाबा म्हणाले, हजार किलोमीटर नीट आली आणि आपल्या माडाखाली अडली.

क्लॅम्प मीटर मी तिथेच ठेवून आले. बाबांनी खोपीच्या भिंतीवर खडूने तारखा लिहायला सुरुवात केली, तारखेपुढे अँपिअर. रविवारी फोनवर आकडा सांगायचे. ७. ७.१. ७. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मधल्या वारीच फोन आला.

"बाय, साडेपांच दाखयता."

मी विचार करत होते, वायर, कपॅसिटर, व्होल्टेज. घरात किती आहे म्हणून विचारलं. २२८, त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. मोटरीचा आवाज? हलका झालाय म्हणाले, आणि मला पुढे काही सुचायच्या आत म्हणाले, "उदक देंवलां गो." विहिरीत पाणी खाली गेलं होतं. फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या तळाची झडप, अर्धा पाण्याबाहेर आला होता, पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता, आणि उचलायला पाणी कमी म्हणून मोटर कमी करंट घेत होती. खोपीतून विहिरीचा तळ दिसत नाही. त्यांनी आकडा आधी बघितला आणि मग बॅटरी घेऊन वाकून पाहिलं.

मोटर बंद करून ते पायरीवर बसले होते. पाणी चढायला दोन तास लागतील, म्हणाले, तोवर मिरवेली बांधून घेतो.